पांचाळकाका आणि परकं बूच

पांचाळकाकांशी माझं कधी धड पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड गोड बोलायची आपल्याकडे पद्धत आहे आणि मला ती जमत नाही. काकांनी मला मनसोक्त छळलं. सांगवीत माझं औषधांचं छोटं दुकान आहे. ते उघडलं की थोड्याच वेळात हा माणूस हजर. खुर्ची दिली तर बसायचे नाहीत. काउंटरच्या कडेला जो स्टुलाएवढा खोका पडलेला असेल त्यावर बसायचे आणि माझं काम बघायचे. बघायचे म्हणजे तपासायचे.

गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापली की त्यांच्या कपाळाला आठी. ‘तारीख कापलीस बघ,’ म्हणायचे. नाव असलेला तुकडा गिऱ्हाइकाकडं गेला आणि तारखेचा माझ्याकडं राहिला की तो मला उचलून दाखवायचे, तेही गिऱ्हाईक समोर असताना. खोकल्याच्या औषधाच्या प्लास्टिकच्या बाटलीला ते हात लावत नसत. ‘ही बाटली हाय व्हय? ही तर पिशवी हाय,’ असं एकदा म्हणाले आणि मग ते त्यांचं ठरलेलं वाक्य झालं. मला ते ‘बाई’ म्हणत. चिडवायचं असेल तेव्हा ‘फार्मसीबाई’.

काका मूळचे उदगीरकडचे. तरुणपणी नोकरीसाठी इकडं आले आणि पिंपरीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात औषधं द्यायला लागले. लोक त्यांना कंपाउंडर म्हणायचे, आणि त्यांना ते अजिबात खपत नसे. परीक्षा पास होऊन लागलोय, औषध बनवणारा माणूस आहे मी, असं ते समोरच्याला नीट समजावून सांगायचे. समोरचा मान डोलवायचा आणि जाताना ‘येतो हं कंपाउंडरकाका’ म्हणायचा.

त्या काळी औषध पातळच असायचं आणि बाटली पेशंटनं घरून आणायची. नवीन मुलांना हे खरं वाटत नाही. कामगार डब्याच्या पिशवीतून बाटली आणायचा, काका तिच्यात गुलाबी किंवा लाल औषध भरायचे आणि बाजूला कागदाची पट्टी चिकटवायचे. पट्टीच्या कडेला कात्रीनं खाचा. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. वाचता न येणाऱ्यालाही कळायचं. ही पट्टी कातरण्यात काकांचा हात इतका बसला होता की माझ्या दुकानात बसल्या बसल्या ते जुन्या बिलांच्या तशाच पट्ट्या कातरून ठेवायचे आणि मी त्या संध्याकाळी केरात टाकायचे.

बाटली आली की काका आधी हुंगायचे. एका फोरमनच्या बाटलीला रॉकेलचा वास आला म्हणून त्याला परत पाठवलं. तो धुऊन आला, काकांनी पुन्हा हुंगली, पुन्हा परत. फोरमन तणतणत मॅनेजरकडं गेला. मॅनेजरनं काकांना बोलावून समज दिली की माणसं बघून वागत चला. पुढं मॅनेजरलाच खोकला झाला. तो शिपायाला न पाठवता स्वतः बाटली घेऊन आला, बहुधा आपला मोकळेपणा दाखवायला. काकांनी तीही हुंगली आणि परत दिली. हे सांगताना काका हसायचे नाहीत. त्यांच्या मते यात हसण्यासारखं काही नव्हतंच.

दवाखान्याच्या स्वतःच्या बाटल्या मात्र वेगळ्या होत्या आणि सगळा घोळ त्यांच्यापासून सुरू होतो. काउंटरमागच्या फळ्यांवर ओळीनं उभ्या असणाऱ्या जाड काचेच्या बाटल्या. काही पांढऱ्या, काही तपकिरी, काही निळ्या. कुणाच्या अंगावर सोनेरी कडेची चिठ्ठी काचेतच बसवलेली. त्यांना झाकण नाही, काचेचं बूच. बुचाचा खालचा भाग घासल्यासारखा पांढुरका. काका म्हणायचे की हे बूच त्या त्या बाटलीच्या तोंडात फिरवून, घासून घासून बसवलेलं असतं, म्हणून एकाचं बूच दुसरीला चालत नाही. दिसायला सगळी सारखी, पण परकं बूच लावलं तर एक तर डुगडुगतं आणि औषध उडून जातं, नाहीतर असं रुततं की बाटली फुटेपर्यंत निघत नाही. ‘आपलं बूच बसतं, परकं अडकतं,’ हे त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक बूच दोऱ्यानं आपापल्या बाटलीच्या गळ्याला बांधलेलं असायचं.

त्यात विषाच्या बाटल्या निराळ्या. हिरव्या, सहा बाजूंच्या, आणि अंगावर उभ्या रेघा उठवलेल्या. दिवा गेला, घाई झाली, चिठ्ठी पुसली, तरी बोटांना कळावं की ही विषाची. नोकरीवर येणाऱ्या प्रत्येकाला काका डोळे मिटायला लावून हातात बाटली द्यायचे आणि विचारायचे, विषाची का साधी? देताना स्वतःचेही डोळे मिटायचे, म्हणजे आपल्या तोंडावरून त्याला उत्तर कळायला नको.

कारखाना बंद पडला तेव्हा सगळ्यांनी जाताना काय काय नेलं. कुणी पंखा, कुणी टेबल. भंगारवाल्यानं लाकडी फळ्या घेतल्या आणि रंगीत काच मला नको, इथंच फोडून टाका म्हणाला. काका दवाखान्याच्या पायरीवर आडवे बसले. दोन खोल्यांच्या घरात त्या बाटल्या नेल्यावर काकूंनी त्यांचं काचेच्या दारांचं, चांगली भांडी ठेवायचं कपाट मुकाट्यानं रिकामं करून दिलं. भांडी कॉटखाली गेली ती काकू जाईपर्यंत तिथंच होती. या बाईला काय म्हणावं, मला कधी कळलं नाही.

काकू गेल्यावर सतीशनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, त्यांना चाकणला चला म्हणून धोशा लावला. तो तिकडं गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे, शिफ्टची नोकरी, लहान मुलगी, आटोपशीर फ्लॅट. काकांना साखरेचा त्रास, एकटं राहणं बरं नव्हे, हे मलाही पटत होतं. पण सतीशच्या घरात कपाटाला जागा नव्हती आणि कपाटाची सोय झाल्याशिवाय काका हलायला तयार नव्हते. सोय म्हणजे तरी काय, तर बाटल्या अशा माणसाकडं गेल्या पाहिजेत ज्याला डोळे मिटून विषाची बाटली ओळखता येते. ही त्यांची अट. आता असा माणूस पिंपरी-चिंचवडात शोधायची जबाबदारी कुणावर आली हे सांगायला नको.

मी स्वतः ती परीक्षा कधी दिली नाही. काका बाटली पुढं करायचे आणि मी गिऱ्हाईक आलंय, फोन आलाय, काहीतरी कारण काढायचे. उत्तर बरोबर आलं तर कपाट माझ्या गळ्यात पडणार हे मला पक्कं माहीत होतं. माझ्या दुकानात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला बाहेर जावं लागतं.

आधी एक कॅफेवाला मुलगा मिळाला. तळवड्याच्या आयटी पार्कजवळ नवीन कॅफे काढणार होता, जुन्या वस्तूंनी सजवणार होता. मुलगा साधा होता, आदबशीर होता. काकांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि हिरवी बाटली हातात दिली. त्यानं ती दोन्ही हातांत फिरवली आणि खूश होऊन म्हणाला की काका, हिची ग्रिप भारी आहे, हातातून सटकत नाही, हिच्यात आम्ही लिंबू सरबत देऊ. काकांनी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली, कपाट बंद केलं आणि चहा न विचारता त्याला वाटेला लावलं. नंतर तो मुलगा मला म्हणाला, ‘मॅडम, मी काही चुकीचं बोललो का?’ त्याला काय सांगणार? बिचाऱ्यानं सगळ्या बाटल्यांची जबाबदारी घ्यायची तयारी दाखवली होती.

मग मी माझ्या कॉलेजात गेले. जिथं मी औषधशास्त्र शिकले तिथल्या विभागप्रमुख मॅडमना भेटले. त्यांनी विनंत्या, परवानग्या सगळं स्वतः केलं, मला फक्त हेलपाटे घालायला लावले, आणि शेवटी जिन्याजवळ एक काचेचं कपाट मिळवलं. मॅडमची परीक्षा काकांनी घेतली तेव्हा त्या हसत हसत पास झाल्या. मी सुटले असं मला वाटलं. बाटल्या कॉलेजात गेल्या, जिन्याजवळच्याच हॉलमध्ये, कपाटाशेजारी माइक लावून छोटासा कार्यक्रम ठरला, काकांना पहिल्या रांगेत खुर्ची.

आणि तिथं कॉलेजच्या लोकांनी चांगल्या मनानं एक काम करून ठेवलं. बाटल्यांवर वर्षानुवर्षांची धूळ, दोरे काळे पडलेले. त्यांनी दोरे कापले, बाटल्या आणि बुचं टबात घालून साबणानं लख्ख धुतली आणि दिसेल ते बूच दिसेल त्या बाटलीला लावलं. कपाट नुसतं चमकत होतं. पाहुण्यांचं भाषण सुरू झालं आणि काका उठले. मला वाटलं बाथरूमला निघालेत. ते सरळ कपाटाकडं गेले, दार उघडलं आणि एकेक बूच उपसायला लागले. काचेवर काच घासल्याचा तो आवाज माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेला. पाहुणे थांबले. मॅडम धावत गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘काका, आता त्यांच्यात औषध नाहीये. रिकाम्या आहेत त्या.’

काका म्हणाले, ‘रिकाम्या हायत म्हणून कुणाचंबी बूच कुणालाबी लावायलाव व्हय?’

यावर मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी उलट फार समजूतदार गोष्ट सुचवली. दोन माणसं मदतीला देते, तुम्ही रोज इथं येऊन बसा, सगळ्या जोड्या लावून द्या, आम्ही पुन्हा दोरे बांधू. याहून चांगलं काय हवं होतं? माझ्या तोंडात ‘हो’ आलं होतं. काका नाही म्हणाले. ज्यांनी दोरे कापले त्यांच्याकडं आता ठेवायच्या नाहीत. त्याच दिवशी रिक्षाच्या खेपा करून मी त्या बाटल्या परत सांगवीला आणल्या. रिक्षावाल्यानं विचारलं, ‘ताई, प्रदर्शन होतं का?’ मी त्याला जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर काका दुकानात येईनासे झाले. घरी खिडकीशी बसून जोड्या लावत होते. मी गोळ्या पोचवायला जायचे तेव्हा कॉटवर सगळीकडं बाटल्या आणि बुचं. एक बूच घ्यायचं, बाटलीत फिरवायचं, मान हलवायची, दुसरं घ्यायचं. जमलं असं वाटलं की दोरा बांधायचा. सुरुवातीला वाटलं होतं आठवड्याभरात होईल. पण कॉटवरचा पसारा काही संपेना. कॉलेजनं बुचं ठेवून घेतली असं काका म्हणायला लागले. मी मॅडमकडं विचारायला गेले. त्यांनी माझ्यादेखत कप्पे उघडून दाखवले, एकही बूच नव्हतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकदा मी गेले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी चहा केला. स्टीलच्या पेल्यात, आत्ताच उकळी आलेला. पेला त्यांनी मुठीत धरून मला दिला आणि मी बोटं भाजून तो टाकलाच. काकांनी तो पेला स्वयंपाकघरातून तसाच धरून आणला होता, आरामात. मी त्यांचा तळवा बघितला तर लाल झाला होता. मग मी दोरा बांधलेली एक बाटली उचलली. बूच डुगडुगत होतं. दुसरी उचलली. त्यातलं बूच इतकं रुतलेलं की फिरेना. तिसरीच्या गळ्याला बारीक चीर गेली होती, दाबून बसवलं होतं म्हणून.

साखरेनं बोटांतली जाण जाते हे मला चांगलं माहीत होतं. अशा पेशंटना मी रोज गोळ्या देते, पाय जपा म्हणून सांगते. पण हा माणूस बोटांवरच जगत होता, आणि त्याला हे कुणी सांगायचं? मी म्हटलं, काका, डॉक्टरांना एकदा हात दाखवू. ते म्हणाले, ‘बोटं ठीक हायत माजी. बुचं बदलली त्येनी.’ मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. कॉलेजात बसून मदत घेतली असती तर हे सगळं टळलं असतं, असं मी त्यांना तोंडावर बोलले आणि तरातरा निघून आले.

शेवटी सतीशनं टेम्पोच आणला. चाकणच्या कांदा मार्केटातून प्लास्टिकची क्रेट मागून आणली होती, त्यांना कांद्याची सालं चिकटलेली. त्यानं आणि मी मिळून बाटल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून क्रेटमध्ये भरल्या. सतीश मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘ताई, खरं सांगू का, घरात पोरगी लहान आहे. एवढी काच मी कुठं ठेवू? आणि बाबांच्या देखत भंगारात तरी कशी देऊ?’ त्याचा चेहरा बघून मला त्याच्यावरही चिडता येईना.

काका रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसले होते. उरलेल्या बाटल्यांचं शेवटचं क्रेट पायाशी. त्यांनी मला हाक मारली. ‘बाई, डोळे मीट.’

या वेळी गिऱ्हाईक नव्हतं, फोन नव्हता. मी डोळे मिटले. हातात बाटली आली. सहा बाजू, उभ्या रेघा, शंकाच नको. मी म्हटलं, ‘विषाची.’

‘चूक,’ काका म्हणाले. ‘साधी हाय.’

मी डोळे उघडले. हिरवी बाटलीच होती. काकांचे डोळे अजून मिटलेले, नेहमीच्या नियमाप्रमाणे. क्षणभर माझ्या मनात आलं की झालं, सुटले. नापास झाले म्हणायचं, नमस्कार करायचा आणि दुकानात जायचं. पुढचं सतीश बघेल. कितीतरी महिने मी हेच तर मागत होते. पण मला ते खोटं सहन होईना. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसानं जाता जाता अशी चूक करावी?

‘विषाचीच आहे, काका,’ मी म्हटलं. ‘परत बघा.’ आणि बाटली त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती बोटांत फिरवली. बराच वेळ फिरवली. अंगठा रेघांवरून खाली-वर गेला आणि चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग त्यांनी ती बाटली उचलून गालाला लावली आणि हळूच वरून खाली ओढली. दाढीच्या खुंटांवर काचेच्या रेघा घासल्याचा बारीक आवाज आला. सतीश दारातच थांबला होता.

‘व्हय,’ काका म्हणाले. ‘विषाची हाय.’ डोळे उघडून ते माझ्याकडं न बघता सतीशला म्हणाले, ‘कपाट बाईच्या दुकानात उतरव.’

अशा रीतीनं ते माझ्या गळ्यात पडलं. वजनकाटा बाहेर काढून तिथं काकूंचं कपाट उभं केलं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याला कोपर मारतं आणि मला काळजी. ती एक हिरवी बाटली तेवढी काकांनी सोबत नेली, तिच्या गळ्याला त्यांनीच बूच बांधलं होतं.

दुपारी गर्दी नसते तेव्हा मी जोड्या लावायला लागले. चिडचिड करत लावल्या, पण लावल्या. काकांनी रुतवलेली बुचं बाटलीच्या गळ्यावर गरम पाणी ओतून कशीबशी सोडवली. बोटांना कळतं, काका म्हणायचे ते खरं आहे. बूच आपलं असेल तर शेवटच्या वळणावर ते स्वतःहून खाली जातं. सगळ्या जमल्या आणि शेवटी एक बाटली बुचाशिवाय राहिली आणि एक बूच असं राहिलं जे कुठल्याच बाटलीत जाईना. मग डोक्यात प्रकाश पडला. हे बूच काकांनी नेलेल्या हिरव्या बाटलीचं. तिच्यावर ह्या उरलेल्या बाटलीचं परकं बूच बसलं होतं. एवढी एक अदलाबदल केली की सगळा संच पुरा होणार होता, पहिल्यासारखा.

रविवारी मी ते बूच रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि चाकणला गेले. वाटेतल्या ट्रॅफिकनं जीव काढला. पूर्ण रस्ताभर काकांना काय बोलायचं ते मी ठरवत होते, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा विजयाचा भागही होता.

काका गॅलरीत बसले होते. खाली वळणावर कंपनीच्या बसेस एकामागून एक निघत होत्या. ते खूप वाळले होते, हात मांडीवर नुसते पडलेले. हिरवी बाटली शेजारच्या स्टुलावर होती. मी सांगितलं की तुमच्या बाटल्यांच्या जोड्या लावल्या. त्यांना आनंद झाला तो त्यांनी लपवला. ‘नीट बघून लावलीस का?’ विचारलं. मी हो म्हटलं आणि पर्सची चेन उघडली.

तेवढ्यात त्यांनी ती बाटली बुचाला धरून उचलली, दोन्ही हातांनी, आणि माझ्यापुढं उलटी केली. बूच हललं नाही. त्यांनी ती तशीच हलवून दाखवली. तरीही हललं नाही.

‘माजंबी बघ,’ ते म्हणाले. ‘कसं बसलंय.’

मी बाटली हातात घेतली. बूच वाकडं होतं, एका बाजूनं जरा वर, आणि आत असं रुतलेलं की आता ते गरम पाण्यानंही कुणाला काढता आलं नसतं. काका माझ्या तोंडाकडं बघत होते. नियम मोडून, डोळे उघडे ठेवून.

‘बसलंय, काका,’ मी म्हटलं, आणि पर्सची चेन लावली.